तर्जुमान ते कंपायलर: दोन भाषांच्या मधे उभं राहणाऱ्यांचा इतिहास

अरबी आणि उर्दूत दुभाष्याला 'तर्जुमान' म्हणतात. हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर आणि वकिलातींबरोबर फिरत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'ड्रॅगोमन' झाला. मराठीत शब्द सरळ आहे: दुभाषी. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मधे बोलणारा दुभाषी होता नारायण शेणवी. मराठी दरबारांत फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याला 'पारसनवीस' म्हणत. आजचं पारसनीस हे आडनाव त्यातूनच आलं. दोन भाषा जाणणाऱ्या माणसाला आपल्या इतिहासात स्वतंत्र हुद्दा होता, पगार होता, आडनावसुद्धा होतं.

या कामाचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार आमच्या नामपूरच्या कांदा मार्केटात रोज दिसतो. शेतकरी अहिराणीत बोलतो, परराज्यातून आलेला व्यापारी मोडक्या हिंदीत बोलतो आणि मधला माणूस एकेक वाक्य इकडून तिकडे पोहोचवतो. वाक्य आलं, अर्थ सांगितला, पुढचं वाक्य. दुसरा प्रकार पुस्तकाचा भाषांतरकार. तो अख्खं पुस्तक आधी वाचतो, घरी बसून दुसऱ्या भाषेत उतरवतो आणि तयार प्रत हातात देतो. त्यानंतर वाचताना भाषांतरकार शेजारी असायची गरज नसते.

संगणकाच्या जगात हेच दोन प्रकार आहेत. एकेक आज्ञा वाचून लगेच ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला इंटरप्रिटर म्हणतात. इंग्रजीत दुभाष्याला जो शब्द आहे, तोच. अख्खा प्रोग्रॅम आधी यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवणाऱ्याला कंपायलर म्हणतात. मी भाषेचा शिक्षक आहे, संगणकाचा नाही. पण उर्दूतून मराठीत आणि मराठीतून उर्दूत ये-जा करण्यात वीसेक वर्षं गेल्यावर मला या यंत्रांचा इतिहास परका वाटत नाही. तो भाषांतराचाच इतिहास आहे आणि त्यात मुंबईचं, पवईचं, आपल्या लिपीचंही एक प्रकरण आहे.

बगदादची कार्यशाळा

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक नावाचा वैद्य आणि भाषांतरकार होता. जन्म सन ८०८ च्या सुमाराचा, मृत्यू ८७३ चा. धर्माने ख्रिस्ती, आश्रय अब्बासी खलिफांच्या राजधानीचा, काम ग्रीक वैद्यक अरबीत आणण्याचं. तो एकटा काम करत नव्हता. मुलगा इसहाक आणि भाचा हुबैश त्याच्याबरोबर होते. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. हुनैन बऱ्याच वेळा ग्रीक मजकूर आधी सिरियॅक भाषेत आणत असे आणि मग त्याचा सहकारी सिरियॅकमधून अरबी करत असे. म्हणजे मूळ भाषा आणि शेवटची भाषा यांच्या मधे एक तिसरी, सर्वांच्या सवयीची भाषा होती.

हुनैनने आपल्या कामाचा हिशेब एका पत्रात लिहून ठेवला आहे. गॅलनचा एक ग्रंथ त्याने विशीत एका सदोष हस्तलिखितावरून भाषांतरित केला होता. पुढे चाळिशीच्या आसपास हुबैशने तो दुरुस्त करायला सांगितला. तोवर हुनैनजवळ त्या ग्रंथाच्या बऱ्याच ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्याने त्या एकमेकींशी ताडून आधी एक शुद्ध ग्रीक पाठ तयार केला आणि मग त्याच्याशी आपलं जुनं भाषांतर ओळीओळीने पडताळलं. पुढे हीच आपली नेहमीची पद्धत झाली, असं तो नोंदवतो.

ही मधली भाषा आणि हे ताडून पाहणं, दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. हजारेक वर्षांनी त्या पुन्हा भेटणार आहेत.

यंत्राला इंग्रजी येत नाही

सुरुवातीच्या संगणकांशी त्यांच्याच बोलीत, म्हणजे अंकांत बोलावं लागे. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी 'ए-झीरो' नावाची व्यवस्था तयार केली. आधी लिहून ठेवलेले आज्ञांचे तुकडे गोळा करून त्यांची जुळणी करणारी ही व्यवस्था होती आणि 'कंपायलर' म्हणजे संकलक हा शब्द त्यांनी तिथे वापरला. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी भाषा मांडली, तेव्हाचा त्यांचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. हाच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालतो, हे त्यांनी वरिष्ठांना दाखवलं. वरिष्ठ खूश होण्याऐवजी घाबरले. अमेरिकेत तयार झालेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कळूच कसं शकतं, हे त्यांच्या पचनी पडेना. यंत्राला इंग्रजीही कळत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याच्या दृष्टीने तिन्ही भाषांतले शब्द म्हणजे नुसत्या खुणा होत्या.

मी हा किस्सा वर्गात नेहमी सांगतो. 'सर, आम्ही मराठी मीडियमचे, आम्हाला कोडिंग कसं जमणार?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

१९५७ मध्ये आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाचा फोरट्रान कंपायलर बाहेर आला. काम १९५४ ला सुरू झालं होतं, म्हणजे तीन वर्षं आणि अनेक माणसं लागली. यंत्राने केलेलं भाषांतर हाताने केलेल्याच्या तोडीचं असू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. त्याच सुमारास जॉन मॅकार्थी 'लिस्प' ही भाषा कागदावर मांडत होते. त्या भाषेतल्या कोणत्याही वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हे सांगणारी एक व्याख्या त्यांनी त्याच भाषेत लिहिली. ती वाचण्यासाठी होती, चालवण्यासाठी नव्हती. त्यांचा तरुण सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाला, मी हे यंत्रावर चढवतो. मॅकार्थींनी त्याला समजावलं की तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतो आहेस. रसेलने ऐकलं नाही. त्याने ती व्याख्या हाताने यंत्राच्या भाषेत उतरवली, त्यातल्या चुका काढल्या आणि लिस्पचा इंटरप्रिटर जन्माला आला.

भाषा एकाने रचली, चालती दुसऱ्याने केली. काही दिवसांनी जेम्स स्लॅगल या वापरणाऱ्याने तक्रार आणली की आपण लिहिलेला प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो आहे. चूक प्रोग्रॅमची नव्हती. नावांचा अर्थ कोणत्या ठिकाणाहून घ्यायचा, या नियमातच खोट होती आणि तो प्रश्न पुढे संगणकशास्त्राचा मोठा विषय झाला. रचणारा, चालवणारा आणि तक्रार घेऊन येणारा, असे तिघे असल्याशिवाय प्रोग्रॅमिंगची कोणतीही भाषा उभी राहत नाही.

मुंबई: टिफ्रॅक आणि नंतर

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने १९५० च्या दशकात स्वतःचा संगणक बांधायला घेतला. आधी १९५६ मध्ये एक छोटं प्रायोगिक यंत्र झालं. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कामाला लागलं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. हिशेब केला तर ही स्मृती दहा किलोबाइट भरते. आज शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येणारं 'सुप्रभात'चं एक चित्र त्याच्या कित्येक पट मोठं असतं.

एवढ्याशा जागेत भाषांतरकाराला बसायला जागा कुठली? टिफ्रॅकशी त्याच्याच बोलीत बोलावं लागे. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आलं, तेव्हा फोरट्रानही आलं. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक असो की अभियंता, त्याला आता गणितासारखी दिसणारी सूत्रं लिहून काम होऊ लागलं. यंत्राची बोली शिकण्याची अट गेली आणि वापरणाऱ्यांची संख्या वाढली. भाषांतरकार आला की दार उघडतं, हे इथे पुन्हा दिसलं.

पुढची पायरी स्वतः भाषा करण्याची होती. टाटा संस्थेच्याच छायेत १९७० च्या दशकात सॉफ्टवेअरच्या विकासासाठी एक राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथल्या मथाई जोसेफ, व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांनी अनेक प्रोसेसर एकत्र चालवणारी एक कार्यप्रणाली तयार केली. तिच्यावरचं तिघांचं पुस्तक १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. ही प्रणाली लिहिण्यासाठी त्यांनी पास्कल भाषेचा विस्तार करून 'सीसीएनपास्कल' ही भाषा वापरली. गरज आपली, म्हणून भाषाही आपण घडवायची, ही हिंमत मुंबईत चाळीस वर्षांपूर्वी होती.

पवईची परंपरा

१९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या आयआयटीत कंपायलरच्या अभ्यासाची एक गुरु-शिष्य परंपराच तयार झाली. धनंजय धामधेरे हे त्यातलं मोठं नाव. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या कित्येक विद्यार्थ्यांनी त्यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पुस्तक वापरलं आहे. त्यांचे शिष्य उदय खेडकर. या दोघांचं काम ज्या प्रश्नावर आहे तो मी माझ्या भाषेत सांगतो.

चांगला भाषांतरकार शब्दाला शब्द ठेवत नाही. मूळ लेखकाने एकच गोष्ट तीनदा सांगितली असेल तर तो एकदाच नीट सांगतो. कंपायलरही तसंच करू पाहतो. प्रोग्रॅममध्ये एकच गुणाकार दोन ठिकाणी असेल तर दुसऱ्यांदा करण्याची गरज आहे का? हे ठरवायला दोन प्रश्न विचारावे लागतात. हा हिशेब आधी झाला आहे का? हे बघायला प्रोग्रॅमच्या वाटेने वरून खाली यावं लागतं. हे उत्तर पुढे कुणाला लागणार आहे का? हे बघायला खालून वर जावं लागतं. १९७९ मध्ये मोरेल आणि रेनव्हॉइस या फ्रेंच संशोधकांनी दोन्ही दिशांचा विचार एकाच वेळी करणारी पद्धत मांडली. ती उपयोगी होती, पण तिला किती वेळ लागेल आणि ती नेमकी का चालते, याचा सिद्धांत अपुरा होता. धामधेरे आणि खेडकर यांनी १९९३ आणि १९९४ मधल्या आपल्या शोधनिबंधांत या दुहेरी दिशेच्या विश्लेषणाला पक्का पाया दिला. २००९ मध्ये खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी या विषयावर लिहिलेलं पुस्तक परदेशातही वापरलं जातं.

खेडकरांचं मला अधिक महत्त्वाचं वाटणारं काम दुसरंच आहे. जीसीसी हा जगातला एक अत्यंत वापरला जाणारा मुक्त कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची पहिली चाचणी आवृत्ती १९८७ मध्ये दिली. तेव्हापासून जगभरची माणसं त्यात भर घालत आहेत. त्याची रचना बगदादच्या कार्यशाळेसारखीच आहे. समजा, पाच भाषा आहेत आणि दहा प्रकारचे प्रोसेसर. प्रत्येक जोडीसाठी वेगळा भाषांतरकार नेमला तर पन्नास लागतील. त्याऐवजी सगळ्या भाषा आधी एका मधल्या भाषेत आणल्या आणि तिथून दहा प्रोसेसरांकडे नेल्या, तर पंधरा पुरतात. जीसीसीत अशा मधल्या भाषा आहेत. हुनैनची सिरियॅक इथे पुन्हा भेटते.

अडचण अशी की जीसीसीच्या लाखो ओळी आहेत. नवा विद्यार्थी त्यात शिरला की हरवतो. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, पण समजत नाही, म्हणजे तो व्यवहारात बंदच. म्हणून खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवईत जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं, आतली रचना टप्प्याटप्प्याने समजावणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आणि शिकवण्याचं साहित्य सर्वांसाठी खुलं ठेवलं. ग्रंथ उपलब्ध असणं आणि ग्रंथ वाचता येणं यातला फरक आम्हा शिक्षकांना रोज दिसतो. त्या मधल्या जागेत काम करणाऱ्याला आपण फारसं मोजत नाही.

चूक कोणाची?

नवशिक्याचा प्रोग्रॅम चालला नाही की तो म्हणतो, कॉम्प्युटरच बिघडलाय. बहुतेक वेळा बिघाड त्याच्या प्रोग्रॅममध्ये असतो. पण भाषांतरकारही चुकतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातल्या चार संशोधकांनी 'सी-स्मिथ' हे साधन वापरून केलेलं काम प्रसिद्ध केलं. हे साधन आपोआप नवेनवे प्रोग्रॅम तयार करतं. तोच प्रोग्रॅम वेगवेगळ्या कंपायलरांना द्यायचा. उत्तरं वेगळी आली, तर कुणीतरी नक्की चुकलं आहे. तीन वर्षांत त्यांना सव्वातीनशेहून अधिक अज्ञात चुका सापडल्या आणि त्या जीसीसीसारख्या नामांकित कंपायलरांतही होत्या. अनेक प्रती एकमेकींशी ताडून चूक पकडण्याची ही रीत हुनैनचीच.

चूक सापडल्यावर काय करतात, तेही शिकण्यासारखं आहे. हजार ओळींचा प्रोग्रॅम घेऊन 'चालत नाही' म्हणणाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. आधी त्यातल्या अनावश्यक ओळी काढत काढत तो पाच-दहा ओळींवर आणायचा. तेवढ्यातही चूक दिसली की दुखणं कुठे आहे ते कळतं. मग दुरुस्ती होते आणि तो छोटा प्रोग्रॅम कायमचा परीक्षेच्या संचात ठेवला जातो. पुढे कुणीही बदल केला की सगळा संच पुन्हा चालवायचा, म्हणजे जुनी चूक परत शिरत नाही. चूक करणाऱ्याला रागावण्यापेक्षा चूक जपून ठेवण्याची ही रीत शाळांनी उचलायला हरकत नाही.

आपल्या लिपीची गोष्ट

गावातले दोन तरुण, एक मराठी माध्यमात शिकलेला आणि एक उर्दू माध्यमात, गेले काही महिने हौस म्हणून एक छोटा इंटरप्रिटर लिहीत आहेत. त्यातल्या आज्ञा मराठी आहेत: 'दाखव', 'जर', 'नाहीतर', 'जोवर'. उर्दूवाल्याला 'अगर' आणि 'वरना' हवे होते. थोडा वाद झाला. मग दोघांच्या लक्षात आलं की हे शब्द एका वेगळ्या यादीत ठेवले, तर बाकी इंटरप्रिटरला काहीच फरक पडत नाही. यादी बदला, भाषा बदलली. हॉपरबाईंच्या वरिष्ठांना जे कळलं नाही ते या दोघांना एका संध्याकाळी कळलं. शब्दांच्या निवडीसाठी मात्र ते माझ्याकडे येतात.

त्यांनी पहिला खरा प्रोग्रॅम कांद्याच्या हिशेबाचा लिहिला. क्विंटल गुणिले भाव, वजा हमाली, वजा तोलाई, उरलेली शेतकऱ्याची रक्कम. प्रोग्रॅम अडला. 'शेतकऱ्याची_रक्कम' हे नाव माहीत नाही, असं इंटरप्रिटर सांगू लागला, आणि वरच्याच ओळीत तर ते नाव ठळक दिसत होतं. दोन दिवस दोघे एकमेकांचा कोड तपासत राहिले. ओळी कमी करत करत प्रोग्रॅम तीन ओळींवर आणला, तरी तेच. शेवटी त्यांनी अक्षरांचे युनिकोड क्रमांक छापून पाहिले आणि कारण सापडलं. दोघांचे कीबोर्ड वेगळे होते. आपल्या मराठीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, 'ऱ्या'मधला, युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात टिंबाचा 'ऱ' आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावं. हिंदीत हा र नाही, इंग्रजीत तर प्रश्नच नाही. शेतकरी, व्यापारी, कर्मचारी या शब्दांना विभक्ती लावली की तो येतोच. म्हणजे मराठीत हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही ठेच लागणारच. दुरुस्ती छोटी होती: मजकूर वाचतानाच एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यायचं. तो तीन ओळींचा प्रोग्रॅम आता त्यांच्या परीक्षेच्या संचात पहिल्या क्रमांकावर आहे.

मोठ्या भाषांनीही हा प्रश्न पूर्ण सोडवलेला नाही. पायथनच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी नावं चालतात, पण ते न दिसणारं जोडचिन्ह नावात आलं की पायथन ते चुकीचं चिन्ह म्हणून नाकारतो. देवनागरी आकड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. वापरणाऱ्याने '४५' असं टाइप केलं तर पायथन त्याचा आकडा बरोबर करून घेतो. पण तेच '४५' प्रोग्रॅममध्ये संख्या म्हणून लिहिलं, तर तो चूक दाखवतो.

उर्दूची अडचण याहून मोठी. ती उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे. दोन्ही दिशांचा मजकूर एका ओळीत नीट दिसावा म्हणून युनिकोडमध्ये दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं आहेत. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाचे निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी दाखवून दिलं की याच चिन्हांचा गैरवापर करून असा प्रोग्रॅम लिहिता येतो, जो माणसाला एक दिसतो आणि कंपायलर दुसराच वाचतो. त्यांनी त्याला 'ट्रोजन सोर्स' असं नाव दिलं. रस्ट भाषेच्या कंपायलरने लगेच दुरुस्ती दिली आणि जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीत अशा चिन्हांबद्दल इशारा आला. इशारा हवाच. पण ही चिन्हं कोट्यवधी माणसांच्या रोजच्या लिखाणाचा भाग आहेत. ती दिसली की संशय, असा नियम होऊ नये, एवढं बघायला त्या खोलीत अरबी-उर्दू वाचणारं कुणीतरी बसलेलं असायला हवं.

हौसेचं मोल

हौसेच्या भाषांना हसू नये. गिडो व्हॅन रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत विरंगुळा म्हणून सुरू केलेलं काम म्हणजे आजचं पायथन. लेबनॉनचे रामझी नासिर यांनी २०१२ मध्ये 'क़ल्ब' नावाची पूर्ण अरबी प्रोग्रॅमिंग भाषा केली. आपली साधनं एका लिपीचीच आहेत हे दाखवून देणं, हा तिचा मोठा उपयोग झाला. स्वानंद कदम यांनी 'कलाम' ही हिंदी शब्दांची भाषा केली, ती ब्राउझरमध्येच चालते. नेदरलँड्समध्ये फेलिएन हर्मान्स यांनी २०२० मध्ये मुलांसाठी 'हेडी' सुरू केली. स्वयंसेवकांच्या मदतीने ती चाळीसहून अधिक भाषांत पोहोचली आणि तिच्यात आज्ञासुद्धा आपल्या भाषेत देता येतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो योग्य आहे. नोकरी इंग्रजी शब्दांच्या भाषांतच मिळणार, मग हा खटाटोप कशाला? मी उलट हिशेब मांडतो. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द होते ३२. आजच्या पायथनमध्ये आहेत ३५. एवढे इंग्रजी शब्द आमची सातवीची मुलं आठवड्यात पाठ करतात. अडथळा त्या शब्दांचा नाहीच. अडथळा आहे चूक झाल्यावर लाल अक्षरांत जे वाक्य येतं त्याचा. तिथे मूल एकटं असतं, वाक्य परक्या भाषेत असतं, आणि 'मला जमत नाही' हा निष्कर्ष तिथेच निघतो. वहीवर फक्त फुली मारणारा आणि 'इथे कंस उघडलास, बंद करायचा राहिला' असं लिहिणारा, या दोन शिक्षकांत जो फरक आहे, तोच हा.

म्हणून त्या दोघांना मी एवढंच सांगितलं आहे की आज्ञा मराठीत ठेवा किंवा इंग्रजीत, पण चुकीचे संदेश आधी मराठीत आणि उर्दूत लिहा. कोणती चूक, कुठे झाली, काय करून पाहावं, तीन छोटी वाक्यं. सध्या अशा चोवीस चुकांची यादी झाली आहे. मराठीची बाजू मी तपासली आहे. उर्दूची दोन पानं अजून बाकी आहेत, ती या रविवारी घेऊन बसायचं ठरलं आहे.